मादागास्करला चाललोय: लसी, मलेरियाच्या गोळ्या, नक्की काय काय लागतं?

भटकभवानी

मंडळी, जरा मदत हवीय. ऑक्टोबरमध्ये मादागास्करला चाललोय, सोळा दिवस. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई (वय ६६, शुगर आहे पण गोळ्यांवर आटोक्यात). प्लॅन असा की अंतानानारिवोला उतरायचं, मग आंदासिबेला इंद्री लेमूर (माकडासारखे प्राणी) बघायला, परत येऊन आरएन७ रस्त्यानं खाली अंत्सिराबे, रानोमाफाना, इसालो असं करत जायचं आणि शेवटचे चार दिवस नोसी बे बेटावर नुसतं लोळायचं. तिकिटं अजून काढली नाहीयेत, पण सगळ्यात स्वस्त नैरोबीमार्गे दिसतायत, जाताना तिथे चौदा तास थांबायचंय, तर म्हटलं एक रात्र बाहेर हॉटेलात काढू.

आता मुद्दा. नेटवर वाचायला बसले आणि डोकंच गरगरलं. मलेरिया, रेबीज, पोलिओ, आणि प्लेग!! प्लेग म्हणजे तो इतिहासाच्या पुस्तकातला ना? सासूबाईंनी यादी ऐकली आणि म्हणाल्या, एवढी इंजेक्शनं घ्यायची तर सोळा दिवस दवाखान्यातच राहू की, खोलीपण मिळेल. नवऱ्याचं म्हणणं डासांचं क्रीम लावलं की झालं. मला दोन्ही टोकं नकोयत. खरंच जाऊन आलेल्या किंवा माहिती असलेल्या कुणीतरी सांगा, यातलं काय करायलाच हवं आणि काय उगाच भीती आहे. हातात सात आठवडे आहेत.

उंटावरचा_शहाणा

काही टेन्शन घेऊ नका ताई. आम्ही तीन वर्षांपूर्वी जाऊन आलो, आठवड्याला एक क्लोरोक्विनची गोळी घेतली, स्वस्तात मस्त, कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही. इंजेक्शन एकही नाही. लोक उगाच बाऊ करतात.

डॉक्टरीणबाई

शहाणेभाऊ, तुम्हाला काही झालं नाही याचा आनंद आहे, पण ते क्लोरोक्विनमुळे नाही, नशिबामुळे. मादागास्करमध्ये मुख्य मलेरिया फॅल्सिपेरम जातीचा, म्हणजे जो जीवावर बेततो तो, आणि तिथे क्लोरोक्विनवर भरवसा ठेवता येत नाही. प्रवाशांना क्लोरोक्विन तिथे देतच नाहीत. कृपा करून हे वाचून कुणी ती गोळी घेऊन जाऊ नका.

भटकभवानी, मी ट्रॅव्हल मेडिसिनवाली नाही, साधी जनरल प्रॅक्टिस करते, पण दोनदा जाऊन आलेय आणि पेशंटना पाठवलंय, त्यामुळे जेवढं पक्कं माहितेय तेवढं लिहिते. डोस आणि अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

लसींच्या आधी मला तुमचं तिकीट दिसलं. ते नैरोबी. यलो फीव्हर म्हणजे पीतज्वर मादागास्करमध्ये नाही, पण केनियात आहे. त्यामुळे मादागास्कर सरकारचा नियम असा की पीतज्वराच्या देशातून येणाऱ्याकडे, किंवा तिथल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबून येणाऱ्याकडे लसीचं सर्टिफिकेट लागतं. तुमचे चौदा तास. त्यात तुम्ही विमानतळाबाहेर पडून हॉटेलात जाणार. म्हणजे चौघांनाही ती लस आली. बरं, परतताना त्याच वाटेनं आलात तर भारतात उतरतानाही तोच प्रश्न, सर्टिफिकेट नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ट्रान्झिटमध्ये विमानतळाच्या आतच थांबला असाल तर सूट आहे, पण ती आरोग्य अधिकाऱ्याला पटली तर. अदिस अबाबामार्गे गेलात तरी हेच सगळं, इथिओपियाही त्या यादीत आहे.

आता ही लस तशी चांगली आहे, एकदा घेतली की २०१६ पासून सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. पण ती जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर त्रासाची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. क्वचितच होतो, पण होतो. मग ६६ वर्षांच्या बाईंना, जिथे फिरायला चाललोय त्या देशात नसलेल्या रोगाची लस, फक्त तिकीट स्वस्त पडतं म्हणून द्यायची का? मी नसती दिली. मॉरिशसमार्गे जा. मॉरिशसमध्ये पीतज्वर नाही, प्रश्नच मिटतो. तिकिटाचे पैसे थोडे जास्त जातील तेवढे जाऊ द्या.

बाकी लसी: टायफॉइड सगळ्यांना (नवीन कॉन्जुगेट लस, एकच डोस). हिपॅटायटिस ए तुमच्या लेकीला लहानपणी दिली असेल तर बघा, मोठ्यांपैकी बऱ्याच जणांना लहानपणीच नकळत होऊन गेलेला असतो, रक्ताची अँटीबॉडी तपासली की कळतं आणि एक इंजेक्शन वाचतं. धनुर्वाताचा बूस्टर दहा वर्षांत झाला नसेल तर घ्या. गोवर कमी लेखू नका, २०१८-१९ मध्ये तिथे गोवराची एवढी मोठी साथ आली होती की रुग्णांचा आकडा लाखाच्या वर गेला, लेकीचे दोन्ही डोस कार्डावर आहेत का ते आज रात्रीच कपाटातून फाइल काढून बघा. पोलिओचं म्हणाल तर २०२० नंतर तिथे लसजन्य पोलिओविषाणूचे रुग्ण सापडले होते, त्यामुळे मोठ्यांनी एक बूस्टर घ्यावा का ते डॉक्टरांना विचारा. हिपॅटायटिस बी लेकीचा झालेला असेलच. रेबीजचं मी लिहीत नाही, इथे एक जण आहे जो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल, आला तर.

गोधडी

मलेरियाच्या गोळ्यांबद्दल मी लिहिते कारण हे आमच्या घरात घडलंय.

माझा भाऊ गेला होता, नोसी बे आणि पश्चिम किनारा. जाताना अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल लिहून दिलेलं, रोज एक गोळी, जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि परत आल्यावरही सात दिवस चालू ठेवायची. तर हा पठ्ठ्या परतीच्या विमानात बसला आणि गोळ्या बंद. का? तर "आता कुठे डास आहेत". उरलेल्या गोळ्या बॅगेच्या कप्प्यात तशाच पडलेल्या मला नंतर सापडल्या.

परत आल्यावर अकराव्या दिवशी ताप. दोन पांघरुणं घालून बसलेला आणि हातातला स्टीलचा पेला दातांवर टकटक वाजतोय, पाणी अंगावर सांडतंय, तासाभरानं दरदरून घाम, मग उठून म्हणतो बरं वाटतंय, भूक लागली. दवाखान्यात नेलं तर व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल दिलं. दुसऱ्या दिवशी परत तेच, मग डेंग्यूची टेस्ट, ती निगेटिव्ह. चूक आमचीपण, आम्ही कुणीच सांगितलं नाही की हा नुकताच मादागास्करहून आलाय, त्यांनीपण विचारलं नाही. चौथ्या दिवशी तिथल्या एका तरुण मुलीनं, शिकाऊ डॉक्टर असावी, सहज विचारलं कुठे फिरायला गेला होतात का. त्या रात्री रक्ताची काच बघितली आणि फॅल्सिपेरम. दोन दिवस आयसीयू. वाचला. पण ते चार दिवस गेले ते काही परत येत नाहीत.

म्हणून दोनच गोष्टी. गोळ्यांचा कोर्स घरी येऊन पूर्ण करायचा. आणि परतल्यावर ताप आला, अगदी तीन महिन्यांनी आला तरी, डॉक्टरांपुढे बसल्या बसल्या पहिलं वाक्य "मी मादागास्करहून आलोय" हे. तिथे व्हायवॅक्स ही मलेरियाची दुसरी जातपण आहे म्हणे, तो तर यकृतात दडून आणखी उशिरा उठतो. तिकडच्या भाषेत मलेरियाला ताझुमूका म्हणतात, ताझू म्हणजे ताप आणि मूका म्हणजे डास, भाऊ आता फोनवर तेच नाव सांगून विनोद करतो, आम्हाला अजून हसू येत नाही.

भटकभवानी

बापरे गोधडी. नवऱ्याला हे मोठ्यानं वाचून दाखवलं, क्रीमवाला गप्प झालाय. @डॉक्टरीणबाई, नैरोबीचं तर डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार, मॉरिशसचे दर बघते.

पण गोळ्यांमध्ये निवड आहे का? डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडते असं वाचलं. लेकीला चालेल? आणि ते प्लेगचं कुणी बोललंच नाही. आणि इसालोला ते नैसर्गिक डोह आहेत ना, फोटोत काय सुंदर दिसतात, त्यात पोहायचं नाही असं एका ठिकाणी वाचलं, खरंय?

डॉक्टरीणबाई

निवड आहे. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग, सगळ्या दुकानात मिळेलच असं नाही, आत्तापासून सांगून ठेवा. पण तुमच्या सोळा दिवसांना १ + १६ + ७ म्हणजे माणशी २४ दिवसांचा कोर्स झाला. लेकीला वजनावर डोस. जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही.

डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण ती परतल्यावर चार आठवडे, म्हणजे १ + १६ + २८, ४५ दिवस. आठ वर्षांखालच्यांना आणि गरोदर बाईला देत नाहीत, तुमची लेक नऊची आहे म्हणजे देता येते. पण उन्हात कातडी भाजते, नोसी बेला चार दिवस किनाऱ्यावर लोळणार म्हणालात ना, विचार करा. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेत अडकली तर जळजळून जीव नको होतो. तिसरी मेफ्लोक्विन, आठवड्यातून एकदा, दोन-तीन आठवडे आधी सुरू, पण नैराश्य, घबराट, फिट्स असला इतिहास असेल तर अजिबात नाही. तुमच्या घरासाठी मी पहिलीच घेतली असती. सासूबाईंच्या चालू गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवूनच.

लिंबूटिंबू

प्लेगबद्दल मी, कारण मी जायच्या आधी नेमका यावरच महिनाभर झोप उडवून घेतलेली.

इतिहासातला नाही ताई, तिथे दर वर्षी होतो, साधारण सप्टेंबर ते एप्रिल, मुख्यतः मधल्या डोंगराळ पठारावर. म्हणजे तुमचा ऑक्टोबर बरोबर त्यात येतो. २०१७ साली मोठी साथ आली होती, ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये संशयितांसह २,४१७ रुग्ण आणि २०९ मृत्यू, आणि त्यात बहुतेक फुफ्फुसाचा प्लेग होता जो खोकल्यातून माणसाकडून माणसाला जातो, राजधानी आणि तोआमासिना बंदर दोन्हीकडे, म्हणून जगभर बोंब झाली. एरवी जो असतो तो उंदरांवरच्या पिसवांमधून येणारा गाठीचा, खेड्यापाड्यात, धान्याच्या कोठाराजवळ. प्रवाशाला लागण व्हायची शक्यता फार कमी. प्रवाशांसाठी लसबिस काही नाही. पण अँटिबायोटिकनं बरा होतो, वेळेत दिलं तर. मी काय केलं, मेलेला उंदीर दिसला की लांबून गेलो, जमिनीवर अंथरुण टाकून झोपलो नाही, पायाला रिपेलंट. निघायच्या आठवड्यात साथीची बातमी आहे का तेवढं बघा, बास.

जाता जाता, ऑक्टोबरमध्ये तानात, म्हणजे राजधानी अंतानानारिवोत, अनोसी तळ्याकाठी जॅकरंडा फुललेला असतो, सगळं जांभळं. प्लेगच्या नादात मी ते बघायचंच विसरणार होतो.

डोहांचं मात्र खरंय. बिलहार्झिया, म्हणजे शिस्टोसोमायसिस, जंतांमुळे होणारा रोग. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमधून त्याच्या अळ्या सुटतात आणि धडधाकट कातडीतून काही मिनिटांत आत शिरतात, जखम लागत नाही, पाणी प्यावं लागत नाही. मादागास्करमध्ये त्याच्या दोन्ही जाती आहेत, लघवीच्या मार्गाची आणि आतड्याची. गाईड सांगतो वाहतं पाणी आहे, थंड आहे, काही नाही होत. मी त्याचं ऐकून उतरलो इसालोत, खोटं कशाला बोलू, उन्हातून दोन तास चालून गेल्यावर ते हिरवं पाणी बघून कुणाचा धीर टिकेल. मग परतल्यावर दोन-अडीच महिने थांबून रक्ततपासणी केली, लगेच केली तर कळत नाही. निगेटिव्ह आली. असता तर प्राझिक्वान्टेल गोळी आहे. पण लेक बरोबर आहे तर पाय बुडवायचेच नाहीत असं आधीच ठरवा, तिथे जाऊन ठरत नाही. समुद्रात हवं तेवढं डुंबा, खाऱ्या पाण्यात हे नसतं.

रानमांजर

उशीर झाला, पण डॉक्टरीणबाईंनी माझीच आठवण काढलेली दिसते.

रानोहिरा, म्हणजे इसालोच्या तोंडाशी असलेलं गाव. संध्याकाळी चपला घालून गल्लीतून चाललो होतो, एका पडवीखाली कुत्री पिल्लांना घेऊन बसलेली, मी बघितलंच नाही. पोटरीला धरलं. दोन दात आत. तिथून राजधानी आरएन७ नं जवळपास ७०० किलोमीटर, आणि तो रस्ता म्हणजे एका दिवसात होतोच असं नाही.

आता नशीब बघा, निघायच्या आधी बायकोनं मागे लागून रेबीजचे आगाऊ दोन डोस घ्यायला लावले होते, पहिला शून्याव्या दिवशी, दुसरा सातव्या. मी म्हणत होतो पैसे पाण्यात. ते घेतलेले असले की चावल्यावर फक्त दोनच डोस लागतात, त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) लागत नाही. नसते घेतले तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं आणि तीच गोष्ट तिथे मिळायची मारामार. लॉजच्या मागच्या नळावर साबण लावून घड्याळ लावून पंधरा मिनिटं पाय धुतला, लॉजवाली आजी शेजारी उभी राहून तांब्यानं पाणी ओतत होती आणि फ्रेंचमध्ये त्या कुत्रीला शिव्या घालत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. तानात पास्तूर इन्स्टिट्यूट आहे, १८९८ पासूनची संस्था, तिथे लस मिळते, इतर मोठ्या गावांतही त्यांच्याकडून लस पोचणारी केंद्रं आहेत पण वाटेत नेमकं कुठलं उघडं ते शोधण्यापेक्षा मी सरळ राजधानी गाठली.

तुमच्या लेकीसाठी तर मी हे घ्याच म्हणेन. मुलं कुत्र्याला हात लावतात आणि चावलं-ओरबाडलं तर ओरडा बसेल म्हणून सांगत नाहीत. आणि लेमूर! नोसी बेच्या आसपास पर्यटकांच्या खांद्यावर लेमूर बसवून केळं भरवतात, फोटो छान येतात. लेमूरच्या ओरखड्यालाही रेबीजच्या हिशोबानंच बघायचं असतं. लांबूनच बघा, आंदासिबेत इंद्री झाडावरून सकाळी जे गातो ते ऐकायला खांद्यावर घ्यावं लागत नाही.

उंटावरचा_शहाणा

क्लोरोक्विनचं माझं चुकलं, मान्य. डॉक्टरीणबाईंना विरोध नाही. पण एवढं सगळं वाचून माणूस जाणारच नाही हो. साप तरी नाहीत ना?

रानमांजर

साप आहेत भरपूर, पण माणसाला मारेल असा जमिनीवरचा विषारी साप मादागास्करमध्ये नाही. घ्या, एक चांगली बातमी.

गोधडी

डासांबद्दल एक राहिलं. मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट, डेंग्यू-चिकनगुनियाचा दिवसा, त्यामुळे क्रीम दिवसभर लागतं (नवऱ्याला सांगा, तुझं क्रीम रद्द नाही झालं, फक्त एकटं पुरत नाही). क्रीममध्ये डीट २० ते ५० टक्के किंवा पिकारिडिन हे औषध हवं. आधी सनस्क्रीन, ते सुकलं की वरून रिपेलंट, उलटं नाही. मच्छरदाणी लॉजमध्ये असते पण भोकं असतात, भाऊ सुईदोरा घेऊन गेला होता आणि तेवढं एक शहाणपणाचं काम त्यानं केलं.

डॉक्टरीणबाई

आणि पोट. जुलाब मादागास्करमध्ये बऱ्याच जणांना एकदा तरी होतात, मला दोन्ही वेळा झाले. ओआरएसची पाकिटं माणशी सहा तरी, सासूबाईंना शुगर आहे म्हणून गोळ्या आणि पाणी याबद्दल आधीच विचारून ठेवा, जुलाबात अंगातलं पाणी गेलं की मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे त्यांच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यावं. औषधं लागतात त्याच्या दुप्पट, अर्धी हातातल्या बॅगेत.

पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलं. आणि इथे एक गंमत सांगते. तिथे जेवणाबरोबर रानुवुला नावाचं पेय देतात, भात काढून घेतला की पातेल्याच्या बुडाला जी खरवड उरते ती तशीच खरपूस होऊ देतात आणि त्यावर पाणी ओतून खळखळ उकळतात. सोनेरी रंगाचं, थोडं करपट वासाचं, नावाचा अर्थच चांदीसोन्याचं पाणी असा काहीतरी सांगतात. वाफाळतं आलं तर बिनधास्त प्या. मी फक्त त्यावर दोन आठवडे काढले. मासे खा, पण शार्क आणि समुद्री कासव कुणी कितीही आग्रह केला तरी नाही, १९९३ मध्ये मनाकारामध्ये एकाच शार्कचं मांस खाऊन दीड-दोनशे माणसं दवाखान्यात गेली होती, ते विष शिजवून जात नाही.

इन्शुरन्समध्ये वैद्यकीय इव्हॅक्युएशन आहे का ते बारीक अक्षरात वाचा. राजधानीबाहेर दवाखान्यांची परिस्थिती बेताची, गंभीर काही झालं तर रियुनियन बेटावर किंवा दक्षिण आफ्रिकेत हलवतात आणि ते बिल स्वतः भरायचं म्हटलं तर घर विकावं लागेल.

भटकभवानी

मंडळी, काय बोलू. मॉरिशसमार्गे तिकिटं आत्ताच काढली. लेकीची फाइल शोधली, गोवराचा दुसरा डोस कार्डावर नाहीये!! डॉक्टरांची परवाची वेळ घेतलीय, चौघंही जातोय, रेबीजचंपण तिथेच विचारते.

सासूबाईंना पीतज्वराची लस टळली हे सांगितलं तर खूश झाल्या, मग टायफॉइडचं सांगितलं तर परत रुसल्या. आता त्या रानुवुलाचं वाचून म्हणतायत, हे मला करता येईल, बाकीचं तुम्ही बघा.

@लिंबूटिंबू, एकच शंका, इसालोच्या डोहात नुसते पाय सोडून बसलं तर?

लिंबूटिंबू

पायालाच कातडी असते ताई.